घाणा, गिरणी आणि गरिबाचे ताट

(सुदुंबरे, ता. मावळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘महागाई आणि सामान्य माणूस’. मी त्यांना कळवले की महागाईवर बोलेन, पण ताटातल्या अन्नाच्या अंगाने बोलेन; कोंड्यासकट धान्य, हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल यांविषयी बोलेन. तेव्हा त्यांच्यातील एका तरुण मित्राने मोठ्या सौजन्याने विचारले, “सर, हा विषय आपल्या व्यासपीठाचा आहे का?” त्याची शंका रास्त होती. वजन उतरवण्यासाठी काय खावे, काय टाळावे याची चर्चा आज ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांच्या दिवाणखान्यात चालते. ज्याला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला सकस आहाराचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच होय. माझेही मत अनेक वर्षे असेच होते. ते का बदलले, हे आज आपल्यासमोर मांडावे असे ठरवून मी आलो आहे.

हा विषय मांडायला सुदुंबऱ्याइतके योग्य गाव दुसरे नाही. येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक, आणि त्यांचे अभंग वहीत उतरवून ठेवणारे लेखक. व्यवसायाने ते तेली होते, चाकणला त्यांचा घाणा होता. दिवसा तेल गाळणारा हात तुकोबांची वाणी लिहून ठेवतो, आणि त्या लेखनाच्या बळावर ती वाणी आपल्यापर्यंत पोहोचते, ही महाराष्ट्राच्या श्रमिक संस्कृतीची फार मोठी गोष्ट आहे. वारीला निघालेला वारकरी येथे डोके टेकवतो ते एका घाणेवाल्याच्या समाधीवर. परंतु त्याच चाकणच्या पंचक्रोशीत आज घाणा शोधू म्हटले तर शहरातल्या एखाद्या झगमगीत दुकानात, काचेच्या बाटलीत, दुपटीहून अधिक किमतीला विकल्या जाणाऱ्या तेलाच्या चिठ्ठीवरच तो आढळायचा. जो घाणा गावाचा होता तो चैनीची वस्तू कसा झाला, हा आहारशास्त्राचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे आत्मपरीक्षण करतो. मी छत्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. दारिद्र्याचा पाठ आला की फळ्यावर वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांची नावे लिहीत असे. त्यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. माणसाला दररोज सुमारे २२५० कॅलरी मिळाल्या पाहिजेत, तेवढ्या मिळण्याइतका खर्च ज्याला परवडत नाही तो दरिद्री, अशी त्या अभ्यासातील मोजणीची रीत होती. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० कॅलरींचा दंडक धरला. त्या काळी ही मोजणी आवश्यकच होती. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी कोट्यवधी भारतीयांचे दिवसाचे उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगून सरकारला जाब विचारला होता. उपासमारीचा पहिला हिशेब उष्मांकांतच करावा लागतो.

मला स्वतःला तो हिशेब पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेथे मिळणारी सुकडी पदराला बांधून आमच्यासाठी घरी आणायची. रेशनला अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकरी तुटत नसे आणि घशाखाली उतरत नसे, तरी ती आम्ही खाल्ली आणि जगलो. तेव्हा कॅलरीला तुच्छ लेखण्याचा अधिकार मला नाही.

परंतु मोजण्याच्या मापाचा एक गुण असा असतो की कालांतराने ते मापच ध्येय होऊन बसते. सगळ्यांत स्वस्त कॅलरी कशात मिळते, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर सरळ आहे : साखर, मैदा आणि आयात केलेले पामतेल. या तिघांच्या मिश्रणाला बिस्किट म्हणतात. पाच रुपयांचा पुडा आणि कपभर गोड चहा घेतला की दोन-तीन तास भूक मरते. पोटातला जठराग्नी शांत होतो आणि आमच्या तक्त्यातला तो माणूस दारिद्र्यरेषेच्या थोडा वर सरकतो. त्याच्या रक्तात लोह किती, ताटात डाळ किती, पालेभाजी किती, हे त्या तक्त्यात कोठेच येत नाही. मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना तो तक्ता समजावून सांगितला आणि हा प्रश्न एकदाही विचारला नाही. ही माझी चूक आहे.

त्या चुकीची किंमत देशाच्या आकड्यांत दिसू लागली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के भारतीय स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे, १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आहेत आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. कृशता आणि स्थूलता या दोन्हींची बेरीज ५७ पर्यंत जात नाही. म्हणजे वजन ‘योग्य’ असूनही जिचे रक्त उणे आहे अशी स्त्री लाखांच्या संख्येने आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा आता श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही.

असे का झाले याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या खेड्यांतील बाळाचे जन्मतः सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. मात्र हे हडकुळे दिसणारे बाळ चरबीच्या बाबतीत तितके हडकुळे नव्हते. स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक, अशी त्याची घडण होती. उपाशी आईच्या पोटी वाढलेले शरीर जणू काटकसरीची शपथ घेऊनच जन्माला येते. पुढे त्याच शरीरावर साखर-मैद्याचा मारा झाला की ते ऐन उमेदीत मधुमेहाला बळी पडते. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आम्हा अर्थशास्त्रवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे : बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक घेतले याच्याशी आढळला नाही, तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या खाण्यात किती वेळा आले याच्याशी आढळला.

याला जोड म्हणून एक परदेशी प्रयोग सांगतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१८ साली वीस माणसांना महिनाभर आपल्या देखरेखीखाली ठेवले. दोन आठवडे कारखान्यात घडवलेले पाकीटबंद अन्न, दोन आठवडे मूळ रूपातले, घरच्यासारखे रांधलेले अन्न. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखे. खायचे मात्र ज्याने त्याने आपल्या भुकेप्रमाणे. पाकीटबंद अन्नावर ही माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तितकेच उतरले. कोणी त्यांना कमी खा म्हणून सांगितले नव्हते. प्रयोग लहान होता, कालावधी थोडा होता, हे मान्य. पण त्याच प्रयोगातील एक तपशील डॉक्टरांपेक्षा मला अधिक बोलका वाटतो. पाकीटबंद आहाराला आठवड्याला १०६ डॉलर लागले. साध्या आहाराला १५१. म्हणजे ज्याने वजन वाढते ते स्वस्त, आणि ज्याने उतरते ते महाग. मग लठ्ठ माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून हिणवणारे आपण कोण?

आता आपल्या घाण्याकडे वळू. अन्नावर प्रक्रिया करणे हे पाप नव्हे. दळणे, कांडणे, आंबवणे, भाजणे, या सगळ्या प्रक्रियाच आहेत आणि त्यांच्यामुळे माणूस माणूस झाला. प्रश्न असतो तो प्रक्रिया कोणासाठी, याचा. गेल्या शतकापूर्वी आग्नेय आशियात भात सडून चकचकीत करणाऱ्या गिरण्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग बेरीबेरी हा रोग पसरला. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराला असे आढळले की पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंडा दिला की उठून चालू लागतात. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गिरणीवाल्याला पांढरा तांदूळ हवा होता, कारण कोंड्यातील तेलामुळे खवट होणारा तांदूळ फार काळ साठवता येत नाही आणि दूर पाठवता येत नाही. म्हणजे तांदळाचा रंग खाणाऱ्याच्या प्रकृतीने ठरवला नाही, व्यापाऱ्याच्या कोठाराने ठरवला.

गांधीजींना हे उमगले होते. १९३४च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाण्याचे तेल हे मगनवाडीच्या कार्यक्रमात आले ते पोषण आणि रोजगार या दोन्ही अंगांनी. नेमक्या त्याच दशकात, १९३७ साली, एका परदेशी भांडवलाच्या कंपनीने डालडा बाजारात आणला. तुपाचे रूप घेतलेल्या त्या वनस्पतीने घाण्याचे तेल आणि घरचे लोणी दोघांनाही मागे रेटले. अशा गोठवलेल्या तेलातील घातक स्निग्धांशावर दोन टक्क्यांची मर्यादा देशभर लागू व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. मधल्या पिढ्यांनी ते मुकाट्याने खाल्ले.

स्वातंत्र्यानंतर काही प्रयत्न झाले. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. १९५८च्या कायद्याने नव्या भातगिरणीला परवाना सक्तीचा झाला. १९९७ साली तो कायदा रद्द झाला. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली, आणि आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याची करडई, जवस, कारळा शेतातून हद्दपार झाली ती काही आकाशातील देवाच्या कोपाने नव्हे.

येथे मला एक इशारा द्यावासा वाटतो, विशेषतः आपल्यातील गांधीवादी मित्रांना. जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. माझी आई पहाटे तीनला उठून जात्यावर बसे. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक आपण साहित्य संमेलनात करतो. पण गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी आईने नारळ फोडला होता. तिला पुन्हा जात्यावर बसवणारा आहारविचार मला नको. तेल्याच्या मुलाने तेलीच राहावे असे म्हणणारी ग्रामव्यवस्थाही मला नको. विजेवर चालणारी पिठाची गिरणी बाईचे कष्ट वाचवते आणि पिठातला कोंडा पिठातच ठेवते. मैद्याचा कारखाना कोंडा आणि अंकुर काढून घेतो, कोंडा ढेपेसाठी विकतो, आणि उरलेला स्टार्च जाहिरात करून आपल्या मुलांना विकतो. दोन्ही यंत्रेच आहेत. समाजवाद्यांनी यंत्राला विरोध करायचा नसतो. यंत्र कोणाच्या हाती आहे आणि ते कोणाचे काय काढून घेते, हे विचारायचे असते. विजेचा छोटा घाणा, भात सडणारे साधे यंत्र हे सहकारी संस्थेच्या किंवा बचत गटाच्या आवाक्यातले आहे. आपल्या मावळात वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ घराघरांत पिकतो. तो कमी सडून, गावातच, गावच्या मालकीच्या यंत्रावर तयार होऊन पिंपरी-चिंचवडच्या कामगाराच्या घरी का जाऊ नये?

दुसरा इशारा आपल्या सर्वांना. साध्या अन्नाभोवतीही भोंदूगिरी वाढली आहे. गूळ नैसर्गिक म्हणून मधुमेही माणसाने खुशाल खावा, घाण्याचे तेल म्हणून वाटेल तितके ओतावे, हे खरे नाही. गूळ ही अखेर साखरच आणि तेल हे तेलच. मलाही बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. वजन ८६ किलो झाले होते. दुपारी महाविद्यालयात चहा-बिस्किटे, संध्याकाळी सभेत वडापाव, असा माझा आहार होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवून मी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक यांवर आलो आणि पाकिटातले खाणे बंद केले. दीड वर्षात नऊ किलो वजन उतरले, भूक मारावी लागली नाही. पण मला हे शक्य झाले ते कशामुळे? मला निवृत्तिवेतन आहे, बाजारात जायला वेळ आहे, आणि हे लिहिताना संकोच वाटतो, भाकरी करून घालणारी पत्नी आहे. वर्षभराने तिने मला तव्यापुढे उभे केले, तेव्हा कळले की सकस आहार हा बहुधा बाईच्या बिनपगारी श्रमावर उभा असतो. चाकणच्या वसाहतीत बारा तास कंत्राटावर राबणारा, एका खोलीत पाच जण राहणारा तरुण भाकरी केव्हा भाजणार? त्याला माझ्या आहाराचा उपदेश करणे हा निर्लज्जपणा ठरेल. त्याला तसे खाता येईल अशी व्यवस्था मागणे हे मात्र आपले काम आहे.

म्हणून काही ठोस मागण्या मांडतो. पहिली रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. पण प्रत्यक्षात पदरात पडतो तो मुख्यतः गहू आणि पांढरा तांदूळ. सरकारने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून थाटात साजरे केले. मेजवान्यांत नाचणीचे पदार्थ झाले. ज्वारी-बाजरी-नाचणीची हमीभावाने भरघोस खरेदी होऊन ती रेशनवर आली पाहिजे, सोबत डाळ आणि तेल आले पाहिजे. आधी तांदळाचा कोंडा काढायचा, मग त्यात कारखान्यातून लोह आणि जीवनसत्त्वे मिसळायची आणि त्याला पोषण म्हणायचे, हा उफराटा कारभार सरकारने २०२१ साली जाहीर केला आणि २०२४ पर्यंत देशभर रेशनवर पोहोचवला. रक्तक्षयावर तातडीचा उपाय लागतो हे मी जाणतो. पण उपाय म्हणून डाळ आणि पालेभाजी कोणी सुचवली की पैसा नसतो, हे कसे?

दुसरी मागणी अंगणवाडीची. या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले आहे. मुलांना पाकिटातली पूड नको. गावच्या बायांनी शिजवलेले गरम अन्न हवे, आणि त्या बायांना नीट मजुरी हवी.

तिसरी कारखान्यांची. १९४८च्या कारखाने कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे केले होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत, तिच्यावर आपले आक्षेप अनेक असले तरी, ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून १०० वर आली आहे. आपल्या युनियनांनी पगाराच्या वाटाघाटीत ताटाचाही मुद्दा घ्यावा : डाळ, भाकरी, भाजी, ताक, आणि ते कंत्राटी कामगारालाही त्याच दराने.

चौथी करांची आणि चिठ्ठीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, नूडल्स, फरसाण यांवरील वस्तू-सेवा कर पाच टक्क्यांवर आला. २०२२ पासून छापील पाकिटातल्या ज्वारीच्या पिठावरही पाच टक्केच आहे. राज्यकर्त्यांच्या लेखी बिस्किट आणि ज्वारीचे पीठ सारखेच! चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जादा असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनातला ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडेही तो समोरच्या बाजूस, मराठीत, अक्षरओळख कमी असलेल्या आईलाही कळेल असा छापलाच पाहिजे.

१९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, रवा, साखर, रॉकेल यांसाठी त्या लढल्या. तेव्हा प्रश्न होता अन्न मिळते की नाही, हा. तो संपलेला नाही. त्याच्या जोडीला आता दुसरा उभा राहिला आहे : मिळते ते अन्न आहे की नाही? लाटणे तेच आहे. ते पुन्हा हाती घ्यावे लागेल.

शेवटी एक छोटी सूचना, तीही आपल्या घरापासून. आता मध्यंतरात आपल्याला चहा आणि बिस्किटे मिळणार आहेत, असे कार्यक्रमपत्रिकेत लिहिले आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी आणि ताक ठेवावे. खर्च फारसा वाढणार नाही. आणि ताकाची भांडी घासण्याची पाळी पुरुष कार्यकर्त्यांनी घ्यावी. वयाची सवलत न मागता माझे नाव पहिले लिहावे.